चढावर अडखळणारी गाडी

७ फेब्रुवारी, शनिवार

आज पुन्हा अडखळली. खिंडीखालच्या मोठ्या वळणावर, ऐन चढात. मागे सिमेंटचा ट्रक. मी अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला दाबलेला, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी मात्र झटके खात जागच्या जागी. उचकी लागल्यासारखी. पाय उचलला की बरी. दाबला की पुन्हा तेच. शेवटी कडेला घेतली, घाम पुसला, जरा वेळ बसून राहिले — आणि मग ही बया शहाण्यासारखी निघाली! जणू काही झालंच नव्हतं.

घरी आल्यावर तातांगना, म्हणजे सासऱ्यांना, सांगावं लागलं. सांगायचं नव्हतं. पण दर शनिवारी त्या वळणावर जीव मुठीत धरून जायचं, ते किती दिवस? जेवताना म्हटलं, गाडी मिसिंग करतेय. सासरेबुवांचा घास हातातच राहिला. शेवग्याचा पाला आणि मासळीचं खारट बागूंग समोर असताना हा माणूस थांबतो म्हणजे काय! त्यांचा लेक डेलियो, माझा नवरा, गेल्यापासून त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. जन्मभर किनाऱ्याच्या हायवेवर प्रवासी नेणारी जीपनी चालवली. आता कोंबड्या आणि रेडिओ. बिघडलेलं इंजिन म्हणजे त्यांना मेजवानीच.

कधी करते, विचारलं. जोर लावला की, म्हटलं. कुठे?

कँडॉनच्या रस्त्यावर, म्हटलं. बाजाराला जाताना.

खोटं. त्यांना वाटतं मी विणलेली पांघरुणं घेऊन शनिवारी कँडॉनला जाते. मी डोंगरावर जाते. पांघरुणं वरही खपतात, ते खरं. पण मी पांघरुणांसाठी जात नाही, हे त्याहून खरं.

८ फेब्रुवारी

चर्चमधल्या मिसाहून आल्या आल्या तातांगनी बॉनेट उघडलं. मी आत बसून रेस करायची, ते कान लावून ऐकायचे. आणखी दे. आणखी. सोड. इंजिन काय सुरेख गात होतं! एकदाही अडखळलं नाही.

"हिला लाज वाटते माझ्यासमोर," म्हणाले.

प्लग काढले. काळे पडले होते. हेच असणार, म्हणाले.

१० फेब्रुवारी

नवे प्लग. गावातून चक्कर मारली. लोण्यासारखी चालते. तातांग दिवसभर शीळ घालत होते.

१४ फेब्रुवारी

लोणी वळणापर्यंतच टिकलं. तिथे पुन्हा उचकी.

वर गावात पोचले तेव्हा अलिपियो त्याच्या बेकरीच्या दारात उभा होता, कोपरापर्यंत पीठ. उशीर झाला म्हणून चेहरा उतरलेला. त्याला काळजी लपवता येत नाही. बायको गेल्यावर गावातल्या सगळ्यांनी त्याला सांगितलं, बेकरी विक आणि खाली जा. हा गेला नाही. पहाटे उठून पाव भाजत राहिला. मला त्याच्यातलं तेच आवडलं असावं.

आज म्हणाला, "लुडिंग, मी खाली येतो. म्हाताऱ्यांना विचारतो. आपण काय चोरी करतोय का?"

थांब, म्हटलं. तातांग माझे वडील नाहीत. नवऱ्याचे वडील. नवरा आता नाही. पण डेलियोची शवपेटी तो कामाला होता त्या बोटीवरून आली तेव्हा आम्ही दोघंच तिच्या दोन बाजूंना उभे होतो. सासूबाई आधीच गेलेल्या. मूल नाही. त्या दिवसापासून ते कोणाचे आणि मी कोणाची, हे कोणी विचारलं नाही, आम्हीही नाही. सकाळी कॉफी मी करते, भात ते लावतात. आता त्यांना कोणत्या तोंडाने सांगू, की भात एकट्यापुरता लावा?

१७ फेब्रुवारी

आज तातांग स्वतः बसले चालवायला. मला शेजारी बसवलं. कँडॉनच्या रस्त्यावर अशी पिटाळली की मी दोनदा क्रुसाची खूण केली. समुद्र एका बाजूला, तंबाखूची शेतं दुसऱ्या, आणि हे म्हातारं हसतंय! गाडी कुठे म्हणून अडखळली नाही.

परत फिरलो. घराजवळ आल्यावर म्हणाले, "सपाटीवर ही काही बोलायची नाही, पोरी. इंजिनाला पेट्रोल भरपूर लागतं ते चढावर. हिचा आजार चढाचा आहे."

मी बाहेर बघत राहिले. कँडॉनपर्यंत चढ औषधालासुद्धा नाही, हे जीपनी चालवलेल्या माणसाला मी सांगायला हवं का?

त्यांनी विचारलंच नाही. अंगणात गाडी लावली आणि म्हणाले, पाना आण. कार्ब्युरेटर उघडून बघू.

१९ फेब्रुवारी

कधी कधी वाटतं, नाहीच सुधारली गाडी तर बरं. काही ठरवायला नको.

२५ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून दोघं घरी आलो. मी डाळ शिजवली. तातांग त्याच राखेनिशी बॉनेटमध्ये वाकले. एअर फिल्टर झटकला, कार्ब्युरेटर खोलून जुन्या बनियनवर मांडला, एकेक भोक फुंकून साफ केलं. घाम पुसता पुसता राख आणि ग्रीस एक झालं.

शेजारच्या मानांग पासिंग कुंपणाशी आल्या. त्यांना आमच्या अंगणातलं सगळं दिसावं लागतं, नाहीतर जेवण जात नाही. गाडी अजून आजारीच का, म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हळूच, "माझ्या भाच्याला डोंगरात, सुयो गावाच्या वर दिसली होती तुझी गाडी. कँडॉनला हल्ली डोंगरावरून जातात का गं?"

मी कांदा चिरत राहिले. तातांग मान वर न करता म्हणाले, "माझ्या लेकाची गाडी आहे, पासिंग. तिला वाटेल तिथून जाईल."

मानांग गेल्या. तातांग भोकं फुंकत राहिले. मला रडू आलं, ते कांद्यावर घातलं.

२८ फेब्रुवारी

सांगितलं.

तातांग गाडीखाली पाठ टेकून होते. बाहेर फक्त पाय. मला वाटलं, तोंडाकडे बघून मला हे जन्मात सांगता येणार नाही, पायांना सांगून टाकावं. खाली बसले आणि सांगितलं. कँडॉनला जात नाही. वर जाते, खिंडीखालच्या गावात. अलिपियो नावाचा माणूस आहे, बेकरी चालवतो. विधुर आहे. लग्नाचं विचारतोय. मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

पाय हलले नाहीत. पान्याचा आवाज थांबला होता. कोंबडी त्यांच्या टाचेशी येऊन टोचायला लागली, तरी हलले नाहीत. मला वाटलं आता बाहेर येतील, आत जातील, आणि मग या घरात कॉफीसुद्धा आवाज न करता प्यावी लागेल.

मग खालून आवाज आला.

"नेमकी कोणत्या वळणावर अडखळते?"

६ मार्च

दोघं वर गेलो. मी चालवत होते, तातांग शेजारी, डोळे मिटून, हात डॅशबोर्डवर — ताप बघावा तसा. रस्ता चढायला लागला. केळी संपली, पाइनची झाडं लागली. मोठ्या वळणावर मी पाय तळाला नेला आणि गाडीने उचकी दिली.

"हां," म्हणाले. "भेटलीस."

कडेला घेतली. तातांगनी पेट्रोलचा फिल्टर बदलला. नवीन सोबतच आणला होता. निघालो. पुढच्या चढावर पुन्हा. मग त्यांनी पंपाकडची नळी सोडवली, तोंडाने फुंकली. टाकीत बुडबुडे वाजले. वाट मोकळी आहे, म्हणाले. पंप बघितला. तोही ठीक. ते हळूहळू चिडत चालले होते, गाडीवर नाही, स्वतःवर.

मी गाडीखाली वाकून बघितलं. टाकीपाशी रबरी नळीचा एक तुकडा आहे, तारेने आवळलेला. म्हटलं, ही नाही बघितली.

"ती डेलियोची आहे. ती ठीक आहे."

एवढंच. आणि तोंड फिरवलं.

मला आठवलं. डेलियो शेवटचा बोटीवर जायच्या आदल्या दुपारी हेच करत होता. टाकीतून थेंब गळत होते. बॅग भरलेली, मनिलाची बस पकडायची, आणि हा गाडीखाली! मी ओरडत होते. डावखुरा होता, तारेला पीळ उलटा दिलेला. बाहेर येऊन म्हणाला, आता तू म्हातारी होशील तोवर बघायला नको.

नंतर तातांगनी या गाडीचं सगळं उघडलं, बदललं. त्या तारेला मात्र बोट लावलं नाही. हे आज माझ्या लक्षात आलं. आणि त्यांच्याही आलं असावं. फुंकली, मोकळी आहे, म्हणजे झालं — असं त्यांनी ठरवून टाकलं.

गाव अजून बरंच वर होतं. तातांग म्हणाले, आज नको. परत फिरव.

९ मार्च

गाडी अंगणात. तातांग कोंबड्यांशी बोलतात, माझ्याशी नाही.

१४ मार्च, रविवार

अलिपियो बसने आला! न सांगता. इस्त्रीचा शर्ट, कागदात बांधलेले पाव, घामाघूम. मी दारातच गोठले. तातांग बाहेर आले, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि खुर्ची दिली. कॉफी मीच केली.

बराच वेळ दोघं पावसाबद्दल बोलले, जो अजून दोन महिने पडणार नाही. मग तातांगनी विचारलं, तुमच्या चढावर गाड्या कशा चालतात? मग काय, अलिपियोला जीव आला. त्याच्या पावांच्या जुन्या व्हॅनला हाच आजार झाला होता म्हणे. सपाटीवर छान, चढावर जोर लावला की उचकी. प्लग झाले, फिल्टर झाले, पंप झाला. शेवटी टाकीपाशी रबरी नळी निघाली. बाहेरून ठणठणीत. आतून पापुद्रा सुटलेला. फुंकलं की पापुद्रा बाजूला होतो, वाट मोकळी वाटते. पण इंजिनाने जोरात ओढलं की मिटतो.

"तेवढी नळी कापून टाका, तातांग. लगेच पळेल," म्हणाला.

तातांग उठले. कप खाली ठेवला आणि आत गेले. दार लावून घेतलं.

अलिपियो कावराबावरा. मी काय चुकलो, म्हणाला. मी त्याला अंगणात नेलं, गाडीखाली वाकायला लावलं, ती तार दाखवली. कोणी बांधली, कधी बांधली, सांगितलं. तो गुडघ्यांवर तसाच राहिला, शर्टाची घडी मातीत.

मग उठून म्हणाला, "मग राहू दे, लुडिंग. मी बसने येत जाईन."

बसपर्यंत सोडायला गेले. पायी. वाटेत मी त्याला हो म्हटलं. त्याला आधी कळलंच नाही कशाला हो. मग कळलं. बसमध्ये चढताना पायरी चुकला.

१५ मार्च

तातांगना सगळं सांगितलं, मी हो म्हटल्याचंही. आणि अलिपियो काय म्हणाला तेही. नळी राहू दे म्हणाला, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मग भात दोघांचा लावला.

१६ मार्च

सकाळी उठले तर पाय गाडीखाली. शेजारी नवी नळी, वेटोळं करून ठेवलेली. कधी आणली कोण जाणे.

मला हाक मारली. "खाली ये. बघ जरा."

त्या चिंचोळ्या जागेत मीही पाठ टेकून आत सरकले. पेट्रोलचा वास. तातांगच्या हातात पक्कड होती, पण तार कापवत नव्हती. बाजूला ठेवली आणि बोटांनीच पीळ सोडवायला लागले. तार सैल व्हायच्या ऐवजी आणखीच आवळायला लागली. म्हातारा जोर लावतोय, तार हटत नाही. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"उलटा पीळ आहे, तातांग! मेला डावखुरा!"

शब्द तोंडातून गेला. तो जिवंत असताना मी दिवसातून दहा वेळा 'मेला' म्हणायचे त्याला. वर गाडीचं काळं पोट, आणि आम्ही दोघं त्याखाली आडवे.

आणि तातांग हसायला लागले. आधी आवाज न करता, नुसतं पोट हलत होतं. मग मोठ्याने. मलाही आवरेना. कुंपणाशी मानांग पासिंग येऊन उभ्या राहिल्या, त्यांना चार पाय दिसत असतील आणि खदखदून हसणं ऐकू येत असेल. हसता हसता तातांग कधी रडायला लागले ते कळलं नाही. मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आमच्यात कोणी कोणाचा हात धरत नाही; लहानाने मोठ्यांचा हात कपाळाला लावायचा, तेवढंच.

मग दुसऱ्या बाजूने पीळ दिला. तार सुटली.

नळी उभी चिरली. आतलं रबर सोललं होतं, जिभेसारखा एक तुकडा लोंबत होता. तातांगनी तो बोटाने उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"चांगली बांधली होती त्याने," म्हणाले. "बांधणीत खोट नाही. रबर म्हातारं झालं."

२० मार्च

वर गेलो. तातांग शेजारी. मोठ्या वळणाला पाय तळाला नेला. दुसरा गिअर. इंजिनाचा आवाज चढत गेला, चढत गेला — आणि तुटला नाही! मागे एक ट्रक होता, तो हळूहळू आरशात बारीक झाला. मी ओरडलेच. तातांग समोर बघत होते.

बेकरीसमोर थांबलो तेव्हा म्हणाले, "आता हिला कुठेही ने."

मला त्यातला 'कुठेही' ऐकू आला आणि आनंद निम्मा झाला. गाडी दुरुस्त केली म्हणजे मला काय दिलं, हे त्यांना नीट माहीत होतं.

अलिपियोने बाहेर येऊन त्यांचा हात कपाळाला लावला. पिठाचा पांढरा पट्टा तातांगच्या मनगटावर उमटला. त्यांनी तो पुसला नाही. व्हॅन दाखव, म्हणाले. दुपारभर दोघं तिच्यात डोकं घालून होते. मी पाव विकले.

२१ मार्च

उपवासकाळात लग्न नाही. ईस्टरनंतर अलिपियोची माणसं मागणी घालायला येतील. कोणासमोर घालायची, हा प्रश्न होता. माझे वडील नाहीत, भाऊ नाही. तातांग म्हणाले, त्यात विचारायचं काय आहे, मी बसेन. पांढरा शर्ट काढून ठेव.

मानांग पासिंगना राहवलं नाही. सुनेला परक्या घरी द्यायला सासरा बसतो, असं कुठे ऐकलंय का, म्हणाल्या. तातांग म्हणाले, आता ऐकलंस ना.

४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये झावळ्यांवर आशीर्वाद घेऊन त्या दाराला खोचल्या. चांगला दिवस बघून विषय काढला. म्हटलं, आमच्याबरोबर वर चला. बेकरीच्या मागे खोली आहे. अलिपियोनेच सुचवलंय, मनापासून.

तातांगनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "मी इथून चौघांच्या खांद्यावरच निघणार, पोरी. डेलियो इथे, त्याची आई इथे. दोघांना टाकून मी पाव खायला डोंगरावर जाऊ?"

शनिवारी येत जाईन, म्हटलं. ये की, म्हणाले. गाडी आहे आता.

ते झावळीचं पातं दुमडत बसले. त्याचा टोळ करतात पोरांसाठी. आमच्याकडे पोर नाही. टोळ करून खिडकीत ठेवला.

८ एप्रिल

माझे कपडे बांधायला काढले. पुन्हा कपाटात ठेवले.

९ एप्रिल

दिवसभर चर्चमध्ये. तातांगनी माझ्यासाठी जागा धरली होती. त्यांच्या शेजारची, नेहमीची. आता तिथे कोण बसेल, हाच विचार. प्रार्थनेत लक्ष लागलं नाही.

११ एप्रिल, ईस्टर

पहाटेची मिरवणूक. नंतर दोघं कबरीवर गेलो. तातांगनी गवत उपटलं, मी मेणबत्त्या लावल्या. ते डेलियोच्या दगडाशी बराच वेळ उकिडवे बसून काहीतरी बोलत होते. मी मुद्दाम लांब उभी राहिले.

१२ एप्रिल

सकाळी कॉफी पिता पिता तातांग अंगणाकडे बघत म्हणाले, "बाजारात गेलीस तर एक जाड स्वेटर बघ. वर पहाटे थंडी असेल. माझ्या मापाचा."